गोड वाइन आधी पूर्ण आंबू द्या, गोडी मागाहून घाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत किट आणून घरी गोड डेझर्ट वाइन करण्याविषयीचा लेख वाचला. कॅनडा, ब्रिटन, अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत आता ही किटे येतात. मराठीत या विषयावर फार थोडे लिहिले जाते, म्हणून लेख पाहून आनंद झाला. पण त्यात एक सल्ला असा आहे, की तो दुरुस्त न करता सोडून देणे आम्हाला योग्य वाटत नाही. वाइनमध्ये हवी तेवढी गोडी उरली की पोटॅशियम सॉर्बेटची पुडी टाकून आंबणे थांबवावे आणि चार दिवसांत बाटल्या भराव्यात, असे लेखात म्हटले आहे. सॉर्बेटने चालू असलेले आंबणे थांबत नाही. अशा बाटल्या फुटतात, आणि काच अंगावर येते.

म्हणून आधी तातडीचे. कोणी या पद्धतीने बाटल्या भरून ठेवल्या असतील, बुचे वर सरकलेली दिसत असतील किंवा बुचाच्या कडेने चिकट थेंब आले असतील, तर त्या बाटल्या हलवण्यापूर्वी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. बाटल्या न हिंदकळता एकेक करून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. थंडीत यीस्ट मंदावते आणि वायू वाइनमध्येच विरघळून राहतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. बाहेर बर्फात किंवा थंड गॅरेजमध्ये ठेवू नयेत, कारण वाइन गोठली की तीही बूच ढकलते. रात्रभर गार झाल्यावर बाटलीला जाड टॉवेल गुंडाळून, तोंड स्वतःपासून दूर धरून बूच सावकाश काढावे. सगळी वाइन कारबॉयमध्ये, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत, ओतून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत येऊ न देणारी झडप) लावावा आणि ती २० ते २२ अंशांवर येऊ द्यावी. पुढे काय करायचे ते खाली येतेच.

सॉर्बेटचे काम काय, हे नीट समजून घ्यायला हवे. ते यीस्टला मारत नाही, फक्त नव्या पेशी होऊ देत नाही. आंबणे संपले आहे, गाळ तळाशी बसला आहे, वाइन गाळावरून काढून घेतली आहे आणि वर मोजक्या पेशी उरल्या आहेत, अशा वेळी सॉर्बेट उपयोगी पडते, कारण उरलेल्या पेशी वाढू शकत नाहीत. ऐन भरात आंबणाऱ्या वाइनच्या एका थेंबात लाखो पेशी असतात. त्यांना वाढायची गरजच नसते. आहेत तेवढ्याच पेशी साखर संपवायला पुरतात. बाटलीबंद वाइनमध्ये लिटरला २४ ग्रॅम साखर आंबली तर सुमारे ६ वातावरणांचा दाब तयार होतो. शॅम्पेनमध्ये हेच करतात, पण त्यासाठी बाटली जाड काचेची असते आणि बूच तारेने बांधलेले असते. डेझर्ट वाइनमध्ये लिटरला १०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते आणि बाटली असते साधी.

इतकी साखर आहे म्हणजे वाइन मुरांब्यासारखी आपोआप टिकेल, असा समज आपल्याकडे सहज होतो. मुरांब्यात साखर निम्म्याहून जास्त असते, इथे ती जेमतेम १० ते २० टक्के. त्यात मद्यार्क १४-१५ टक्क्यांवर गेला की यीस्ट मरेल, यावरही विसंबू नये. बहुतेक किटांत लाल्व्हिन ईसी-१११८ किंवा त्याच जातकुळीचे यीस्ट असते आणि ते १८ टक्क्यांपर्यंत तग धरते.

आता किटविषयी. डेझर्ट वाइनची किटे साध्या किटांच्या निम्म्या आकाराची असतात. साध्या किटातून २३ लिटर वाइन निघते, यातून साधारण ११.५ लिटर. खोक्यात द्राक्षरसाच्या घट्ट अर्काची मोठी पिशवी, बेंटोनाइटची (गढूळपणा तळाशी नेणाऱ्या मातीची) पुडी, ५ ग्रॅम यीस्ट, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जंतू आणि हवेपासून वाइन जपणारे सल्फाइट), सॉर्बेट, वाइन निवळवण्याची एक-दोन पाकिटे आणि गोड राखीव रसाची वेगळी पिशवी असते. पोर्ट धर्तीच्या किटात ओकचे तुकडेही येतात. सगळ्यात महत्त्वाची ती गोड पिशवी. पहिल्याच दिवशी ती अर्कासोबत बादलीत रिकामी करणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. असे केले की एक तर तीही साखर आंबून वाइन नुसती जळजळीत होते, नाहीतर साखरेच्या भाराखाली यीस्ट अर्ध्यावर दम टाकते. खोके उघडल्याबरोबर त्या पिशवीवर जाड पेनने ‘शेवटी’ असे लिहून ती वेगळ्या कपाटात ठेवावी.

काही खोक्यांवर ‘आइसवाइन स्टाइल’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘स्टाइल’ हा शब्द वाचूनच किट विकत घ्यावे. कॅनडात आइसवाइन हे नाव वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या वाइनलाच देता येते. ओंटारियोत द्राक्षे उणे ८ अंश किंवा त्याखाली तापमान गेल्यावरच तोडतात, गोठलेलीच पिळतात, पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि दाट रस तेवढा बाहेर येतो. नायगारातल्या इनिस्किलिन या वाइनरीच्या, विदाल जातीच्या द्राक्षांच्या १९८९ सालच्या आइसवाइनला १९९१ मध्ये फ्रान्समधल्या व्हिनएक्स्पो या वाइन प्रदर्शनात मोठा सन्मान मिळाला आणि जगाचे लक्ष इकडे वळले. किटातली वाइन ती नव्हे. पण नीट केली तर जर्दाळू आणि संत्र्याच्या मुरवलेल्या सालीसारख्या वासाची, सणाला पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी वाइन होते, असे आमचे मत आहे.

साहित्य फार लागत नाही. किमान १५ लिटरची, खाद्यपदार्थांसाठीची झाकणाची बादली, ११.५ लिटरचा काचेचा कारबॉय, एअरलॉक आणि रबरी बूच, सायफन नळी, लांब चमचा, थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि त्याची उभी नळी. हायड्रोमीटर द्रवात तरंगून त्याची घनता दाखवतो: पाण्याचा आकडा १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर, आणि ती आंबत गेली की आकडा उतरतो. बादलीवर छापलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नये. मापाच्या भांड्याने पाणी ओतून स्वतः रेघा माराव्यात. निम्म्या आकाराच्या किटात एक लिटर पाणी जास्त पडले तर जवळपास ९ टक्के पातळ होते आणि ते पुढे कशानेही भरून निघत नाही.

आधी बिनवासाच्या पावडरीने सगळे घासून धुवावे, मग ४ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मेटाबायसल्फाइट विरघळवून त्या पाण्याने विसळावे आणि निथळू द्यावे. या पाण्याचा वास छातीत बसतो, दमा असलेल्यांनी लांब राहावे, खिडकी उघडी ठेवावी. क्लोरीनचे ब्लीच वापरू नये. त्याचा अंश राहिला तर वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास लागू शकतो.

पहिल्या दिवशी बादलीत अर्धा लिटर गरम पाणी घेऊन त्यात बेंटोनाइट थोडेथोडे भुरभुरत ढवळावे, गुठळी राहू देऊ नये. मग अर्क ओतावा. पिशवी कोमट पाण्याने दोनदा विसळून तेही पाणी आत घ्यावे, कारण कोपऱ्यांत बराच अर्क चिकटून राहतो. त्यानंतर किटासोबतच्या सूचनांच्या कागदावर दिलेल्या मापापर्यंत पाणी घालावे. इथे एक पाहून घ्यावे. दिलेल्या मापात शेवटची गोड पिशवी धरली आहे की नाही, हे किटागणिक बदलते. धरली असेल तर तेवढी जागा आत्ताच मोकळी सोडावी लागते.

आता जोरात ढवळावे, हात दुखेपर्यंत. घट्ट अर्क तळाशी बसतो आणि वर पाणीच राहते. नीट न ढवळता हायड्रोमीटर बुडवला तर १.०७० दिसते आणि माणूस घाबरून साखर घालतो. नीट मिसळल्यावर डेझर्ट किटाचा आकडा सहसा १.१०० च्या आसपास किंवा त्याच्याही वर असतो. कागदावर दिलेल्या पट्ट्यात तो बसला की लिहून ठेवावा. रसाचे तापमान २० ते २४ अंश असावे. यीस्ट वर भुरभुरावे, ढवळू नये. रस फार दाट असेल तर आम्ही यीस्ट आधी भिजवण्याच्या बाजूचे आहोत. ५० मिलिलिटर, ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटे भिजवावे, मग त्यात बादलीतला रस चमचा चमचा घालत दोन्हींच्या तापमानातला फरक १० अंशांच्या आत आणावा आणि मग ओतावे. दाट साखरेत सुके यीस्ट एकदम पडले तर त्यातले पाणी बाहेर ओढले जाते आणि कित्येक पेशी सुरुवातीलाच मरतात.

४८ तासांत फेस दिसायला हवा. कॅनडाच्या घरांतली नेहमीची अडचण म्हणजे तळघर. थंडीत खोलीतला थर्मामीटर १९ दाखवत असला तरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेली बादली १५ अंशांवर असते. बादली टेबलावर ठेवावी, गरज पडली तर तापणारा पट्टा गुंडाळावा, आणि तापमान हवेचे नव्हे, रसाचे मोजावे. उलट २८-३० अंशांवर यीस्ट सुसाट सुटते आणि दाट रसात ताणाखाली आंबट-तिखट, नेलपॉलिशसारखा वास सोडते. तो वास पुढे जात नाही.

हायड्रोमीटर वाचताना नळीत तो बोटांनी गरगर फिरवावा. वायूचे बुडबुडे त्याला चिकटून वर उचलतात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. डोळा द्रवाच्या पातळीत आणून वाचावे. आकडा १.०१० च्या खाली आला की वाइन सायफनने कारबॉयमध्ये घ्यावी, जाड गाळ मागे ठेवावा आणि एअरलॉक लावावा. साध्या किटात याला आठवडा लागतो, इथे दोन आठवडेही लागतात. त्यात काही बिघडलेले नसते.

संपले कधी म्हणायचे, तर एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणून नव्हे. बुडबुडे तापमान उतरले तरी थांबतात आणि बूच नीट बसले नसेल तरी थांबतात. आकडा कागदावर दिलेल्या शेवटच्या मर्यादेखाली आला पाहिजे आणि सलग तीन दिवस तोच राहिला पाहिजे. दोन्ही अटी हव्यात. १.०२० वर आठवडाभर अडलेली वाइन स्थिर दिसते, पण ती झोपलेली असते, संपलेली नसते. उन्हाळा आला की जागी होते. सुरुवातीचा आकडा १.११० आणि शेवटचा ०.९९८ असेल, तर फरकाला १३१ ने गुणून मद्यार्क साधारण १४.७ टक्के येतो. अशा १०.५ लिटर वाइनमध्ये नंतर १ लिटर गोड रस पडला की तो १३.४ वर उतरतो. गोडी घातल्यानंतर घेतलेल्या आकड्यावरून मद्यार्क काढता येत नाही, म्हणून आधीचे दोन्ही आकडे लिहिलेले हवेत.

वाइन अडलीच तर आधी २२-२४ अंशांवर आणून तळचा गाळ हलकेच ढवळून वर आणावा आणि चार दिवस वाट पाहावी. तरी हलली नाही तर नवे यीस्ट. पण ते सुकेच वरून टाकून उपयोग नाही, १०-१२ टक्के मद्यार्कात ते लगेच मरते. कोमट पाण्यात भिजवलेल्या यीस्टमध्ये थोडा गोड रस घालून ते फसफसू द्यावे, मग दर काही तासांनी अर्धा अर्धा कप अडलेली वाइन त्यात घालत जावे. लिटरभर झाले आणि तरी फसफसत राहिले, की ते मुख्य वाइनमध्ये ओतावे.

आता लेखात उलटा झालेला क्रम. आंबणे संपलेली वाइन गाळावरून काढून घ्यावी. मेटाबायसल्फाइट आणि सॉर्बेट अर्धा कप थंड पाण्यात विरघळवून घालावे. किटातल्या पुड्या मापातच असतात. पुडी हरवली किंवा जुनी निघाली तर ११.५ लिटरला सुमारे १ ग्रॅम मेटाबायसल्फाइट आणि ३ ग्रॅम सॉर्बेट घ्यावे, आणि तेही ग्रॅमच्या काट्यावर मोजून. दुकानातून आणून वर्षभर उघडे राहिलेले सॉर्बेट फेकून द्यावे. आणि सॉर्बेट एकटे कधीही घालू नये. सल्फाइट नसेल तर लॅक्टिक जिवाणू सॉर्बेटवर काम करतात आणि वाइनला चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानांचा वास येतो. त्यावर उपाय नाही, सगळी वाइन ओतून द्यावी लागते.

त्यानंतर वायू काढणे. कारबॉयमध्ये जाईल असा ड्रिलचा फिरका असेल तर उत्तम, नाहीतर लांब दांड्याने दोन-दोन मिनिटे, दिवसातून अनेकदा, दोन दिवस ढवळावे. फिरक्याची दिशा बदलत राहावी आणि सुरुवात हळू करावी, नाहीतर फेस उसळून जमिनीवर येतो. वाइन २० अंशांच्या वर हवी, थंड वाइन वायू सोडत नाही. तपासायला नळी अर्धी भरून तळव्याने तोंड बंद करावे, जोरात हलवावी आणि तळवा उचलावा. फुस्स आवाज आला तर वायू शिल्लक आहे. हे काम गोडी घालण्यापूर्वीच करून घ्यावे. दाट गोड वाइन वायू सहज सोडत नाही, आणि वायू राहिला की गाळ तरंगत राहतो. महिना झाला तरी वाइन निवळली नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कारण हेच असते.

मग ती राखून ठेवलेली पिशवी घालावी. भरलेल्या कारबॉयमध्ये ती मावणार नाही, म्हणून आधी तेवढी वाइन स्वच्छ बाटलीत काढून ठेवावी आणि नंतर जागा उरेल तितकी परत भरावी. सगळी पिशवी एकदम ओतायलाच हवी असे नाही. तीन चतुर्थांश घालून ढवळावे, चाखावे, मग ठरवावे. लिटरला १०० ग्रॅम साखर असलेल्या वाइनचा आकडा १.०३५ च्या आसपास येतो. नवी वाइन बोचरी लागते म्हणून घरची साखर वाढवण्याचा मोह होतो. सहा महिन्यांनी ती बोच जाते आणि वाढवलेली साखर तशीच राहते.

निवळवण्याच्या पाकिटांबद्दल एक गोष्ट लेखात यायला हवी होती. किझेलसोल हे सिलिका आहे, पण त्याच्या जोडीला येणारे कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून करतात. काही किटांत आयसिंग्लास असते, ते माशाच्या वायुपिशवीपासून मिळते. जिलेटिनही प्राण्यांचेच. शाकाहारी घरांनी आणि कवचाच्या माशांची ॲलर्जी असलेल्यांनी पाकीट वाचूनच ठरवावे. हे न घालताही वाइन निवळते, फक्त आठवड्यांऐवजी तीन-चार महिने लागतात. घालणार असाल तर दिलेला क्रम मोडू नये. दोन्हींचे विद्युतभार विरुद्ध असतात, एकाने पकडलेले कण दुसरे ओढून खाली नेते. दोन्ही एकत्र कालवले तर ती एकमेकांनाच पकडून बसतात.

वाइन निवळली की पुन्हा एकदा गाळावरून काढावी आणि दोन-तीन आठवडे तशीच ठेवावी. या काळात एअरलॉक शांत आणि आकडा तिथल्या तिथे राहिला, तरच बाटल्या भराव्यात. हा थांबा गाळू नये. चूक झाली असेल तर ती कारबॉयमध्येच कळते. ३७५ मिलिलिटरच्या तीसेक बाटल्या होतात. बूच बसवून तीन दिवस उभ्या, मग आडव्या. भरताना सांडलेला प्रत्येक थेंब लगेच पुसावा. गोड वाइनवर चिलटे येतात आणि त्यांच्याबरोबर व्हिनेगरचे जिवाणू येतात. सहा महिन्यांच्या आत बाटली उघडू नये, वर्ष थांबलात तर आणखी चांगले.

पोर्ट धर्तीच्या किटात काहीजण ब्रँडी घालतात. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यात पोर्टचे आंबणे द्राक्षांपासूनचा ७७ टक्क्यांचा मद्यार्क घालून मध्येच तोडतात आणि वाइन १९ ते २२ टक्क्यांवर नेतात. तिथे गोडी राखण्याचे काम तो मद्यार्क करतो. घरी दुकानातली ४० टक्क्यांची ब्रँडी घ्यावी. १५ टक्क्यांची ११ लिटर वाइन १८ वर न्यायला दीड लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या लागतात. लिटरला १०० ग्रॅम साखर असेल तर ती ८८ वर येईल, हेही धरून चालावे. आणि ब्रँडी घातली म्हणून सल्फाइट-सॉर्बेट वगळू नये.

देताना ८ ते १० अंशांवर गार करून, ६० मिलिलिटरच्या लहान पेल्यात द्यावी. गुलाबजाम किंवा श्रीखंडाबरोबर नको. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पाणचट लागते. खारे काजू, निळ्या बुरशीचे चीज किंवा नुसता तिखट चिवडा बरोबर असेल तर ती खुलते.

शेवटी कायद्याविषयी, कारण आपले वृत्तपत्र महाराष्ट्रातही वाचले जाते. कॅनडात स्वतःच्या वापरासाठी घरी वाइन करायला मुभा आहे, विकायला नाही, आणि ओंटारियोत त्यासाठी वय १९ पूर्ण हवे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. किट सामानातून नेले तर तो द्राक्षाचा रस असतो, पण त्यात यीस्ट पडून तो आंबू लागला की ते मद्यनिर्मितीत येते. नातेवाइकांना हे किट भेट म्हणून पाठवावे, हा लेखातला सल्ला म्हणूनच मागे घ्यावा. नाशिकला दिंडोरीच्या पट्ट्यातली उशिरा तोडलेल्या शेनाँ ब्लाँ जातीच्या द्राक्षांची गोड वाइन तिथे दुकानात मिळते.

येत्या रविवारी पुरवणीत त्याच जागी सॉर्बेटविषयीची दुरुस्ती आणि भरलेल्या बाटल्या कशा हाताळाव्यात हे ठळक चौकटीत छापावे, ही विनंती. किटे हिवाळ्यात लागतात आणि बाटल्या मे-जूनमध्ये फुटतात, त्यामुळे उशीर नको.

आपले,
ओंटारियोतील घरगुती वाइन करणारे काही मराठी वाचक